पोकर खेळायला पुण्याहून पणजीला: जाणाऱ्यांसाठी थोडं

पोकर टूर्नामेंट खेळून घर चालवायचं ठरवलेल्या पुणेकराला आता पणजीची वाट धरावीच लागते. ऑगस्ट २०२५ च्या कायद्याने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ बंद झाले. पूर्वी कोथरूडच्या खोलीत बसून एका रात्रीत सात-आठ टूर्नामेंट लावता यायच्या. आता एकीसाठी दोन-तीन दिवस मोडतात. महाराष्ट्राचा कॅसिनो कायदा १९७६ चा, पण तो कधी लागूच झाला नाही आणि २०२३ मध्ये रद्द झाला. गोव्याचा कायदाही १९७६ चाच. त्यात पुढे दुरुस्त्या झाल्या आणि मांडवीत कॅसिनोच्या बोटी उभ्या राहिल्या.

नुकताच तिथली पोकर स्पर्धांची एक मालिका खेळून आलो. नव्याने जाणारी मुलं फोन करून विचारतात, म्हणून सविस्तर लिहितो.

स्लीपर बस स्वस्त पडते, पण घाटातल्या वळणांवर झोप लागत नाही. सकाळी कदंबा स्टँडवर उतरायचं, हॉटेलची खोली दुपारी मिळणार आणि लगेच दहा-बारा तास टेबलावर बसायचं, हे करू नका. आदल्या दिवशी पोहोचा. गोवा एक्सप्रेसने मडगावला उतरून पुढे पणजीची बस धरणं मला जास्त मानवतं. पॅन कार्ड आणि फोटो असलेलं ओळखपत्र जवळ ठेवा. २१ वर्षांखालच्यांना कॅसिनोत प्रवेश नाही.

टेबलावर दोन पुणेकर शेजारी आले की गप्पा सुरू होतातच. पण पत्ते वाटले गेले की मराठी बंद. समोरच्याला न कळणाऱ्या भाषेत चालू हाताबद्दल, म्हणजे डावाबद्दल, बोललात तर पत्ते वाटणारा डीलर टोकतो, आणि ते योग्यच आहे.

आता मुद्द्याचं. बक्षिसं साधारण वरच्या बारा-पंधरा टक्के खेळाडूंनाच मिळतात, आणि त्यातलाही मोठा वाटा पहिल्या तिघांचा असतो. त्यामुळे बबलवर, म्हणजे बक्षिसाच्या उंबरठ्यावर, खेळ पूर्ण बदलतो. दर डावात दोघांना पत्ते बघण्याआधीच सक्तीने चिप्स लावाव्या लागतात: लहान रक्कम ती स्मॉल ब्लाइंड, मोठी ती बिग ब्लाइंड. माझ्याकडे सोळा बिग ब्लाइंडएवढ्या चिप्स होत्या आणि त्या डावात बिग ब्लाइंड माझी होती. स्मॉल ब्लाइंडवर सगळ्यात जास्त चिप्सवाला होता. त्याने पत्ते न बघताच ऑल-इन केलं, म्हणजे सगळ्या चिप्स लावल्या. माझ्या हातात एक्का-दहा. न बघितलेल्या दोन पत्त्यांविरुद्ध हा हात सरासरी साठ टक्क्यांहून जास्त वेळा जिंकतो, नुसत्या चिप्सचा हिशेब केला तर कॉल, म्हणजे आपल्याही चिप्स लावणं, सरळ आहे. पण शेजारच्या टेबलावर दोघं जण दोन-तीन ब्लाइंडवर तगून होते. ते आधी बाद होतील म्हणून मी पत्ते टाकले, म्हणजे फोल्ड केलं. थोड्याच वेळात त्यातला एक बाद झाला आणि मी बक्षिसात आलो. तो गेला नसता तरी फोल्ड बरोबरच होता, कारण तिथे गमवायच्या चिप्सची किंमत मिळवायच्या चिप्सपेक्षा जास्त असते. धंदा म्हणून खेळायचं तर हे गणित घरून पक्कं करून जा.

तरीही हातात आलं ते बाय-इनच्या, म्हणजे प्रवेश रकमेच्या, दुपटीच्या आतच. बस, खोली, जेवण आणि री-एन्ट्री (बाद झाल्यावर पुन्हा पैसे भरून घेतलेला प्रवेश) धरली तर फेरी तोट्यातच गेली. वीस हजारांच्या बाय-इनला जायला-राहायला दहा हजार लागत असतील, तर तुमची एन्ट्री तीस हजारांची आहे. वहीत तीसच लिहा. माझा स्वतःचा नियम शंभर बाय-इनएवढे पैसे बाजूला ठेवायचा आहे आणि तो या तीसवर मोजतो. एवढे पैसे बाजूला नसतील तर लहान स्पर्धा खेळा किंवा ओळखीच्यांना आपले टक्के विका, म्हणजे एन्ट्रीचा काही वाटा त्यांनी भरायचा आणि बक्षिसातला तेवढाच वाटा घ्यायचा. व्यवहार मात्र लेखी ठेवा.

२०२४ मध्ये बंगळूरच्या संतोष सुवर्णाने लास वेगासला अडीच लाख डॉलर बाय-इनची स्पर्धा जिंकून ५४ लाख डॉलरहून जास्त मिळवले. मलाही त्याचा फार अभिमान वाटतो. पण ते आकडे सांगून घरच्यांना पटवू नका. आई-बाबांना वही दाखवा, तोट्याच्या महिन्यांसकट.

कर विसरू नका. जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के आणि वर उपकर लागतो. हरलेल्या एन्ट्र्या किंवा प्रवासखर्च त्यातून वजा होत नाही. परतीचं तिकीट रद्द करता येईल असंच काढा, कारण फायनल टेबल मध्यरात्रीपर्यंत सहज चालतं. आणि बक्षीस मिळालं तर निघण्याआधी काउंटरवर आपला पॅन क्रमांक बरोबर नोंदवलाय का ते बघा आणि कापलेल्या कराचा कागद मागून घ्या. पुण्यात येऊन फोन करत बसण्यापेक्षा तिथेच दहा मिनिटं थांबलेलं बरं.