होमस्टेच्या कॅलेंडरची लिंक कशी बदलली

गुहागरजवळच्या आमच्या होमस्टेच्या नोंदी गूगल कॅलेंडरवर असतात. पाहुण्यांचं नाव, मोबाइल, अॅडव्हान्स किती आला, जेवण शाकाहारी की मासे, सगळं तिथेच. एकच तारीख दोघांना जाऊ नये म्हणून बुकिंगच्या दोन वेबसाइटना त्याची लिंक दिलेली, आणि स्टेशनवरून पाहुणे आणणाऱ्या गाडीवाल्यालाही. यंदा गाडीवाला बदलला. जुन्याच्या मोबाइलमधली लिंक मात्र चालूच होती.

लॉगिन न केलेल्या ब्राउझरमध्ये ती टाकून पाहिली. पासवर्ड विचारलाच नाही, ‘आयसीएस’ फाइल, म्हणजे कॅलेंडरच्या सगळ्या नोंदींची फाइल, थेट उतरली. नोटपॅडमध्ये उघडली तर साधा मजकूर, नावं-नंबरांसकट. गूगल त्याला ‘सीक्रेट अॅड्रेस’ म्हणतं, पण ज्याच्या हाती ससा तो पारधी.

त्या पत्त्याजवळच रीसेटचं बटण असतं. अॅपमध्ये शोधत बसू नका, कॉम्प्युटरवरच सापडतं. पण एका कॅलेंडरला अशी एकच लिंक, त्यामुळे रीसेट केलं की सगळ्यांचीच बंद पडते. आणि कुणी आधीच फाइल उतरवून ठेवली असेल तर ती प्रत त्याच्याकडे राहतेच. त्यावर इलाज नाही.

म्हणून आधी दुसरं कॅलेंडर काढलं. त्यात ‘भरलं’ हा शब्द आणि तारखा, बस्स. वेबसाइटना तेवढंच लागतं, त्यांना त्याची लिंक दिली. नावांचं कॅलेंडर नव्या गाडीवाल्याच्या जीमेलवर शेअर केलं, फक्त बघण्यापुरतं. उद्या तो गेला तर त्याचं एकट्याचं नाव काढता येईल. अॅडव्हान्सचे आकडे तिथून उचलून वहीत नेले. त्याला ते कशाला? मग जुनी लिंक रीसेट केली.

हे मुद्दाम भर पावसात केलं, पाहुणे नसताना. दोन्ही वेबसाइटवर जुनी लिंक काढून नवी टाकली आणि एक खोटी नोंद करून पाहिली. एकीकडे तारीख लवकर बंद झाली, दुसरीकडे बराच वेळ मोकळीच दिसत होती. या वेबसाइट आपापल्या सवडीने फाइल वाचतात, आपण घाई करून उपयोग नाही. त्यामुळे दिवाळीच्या गर्दीत फोनवर बुकिंग आलं, की दोन्हीकडे जाऊन तारीख हातानेच बंद करायची असं ठरवलंय. प्रत्येक बुकिंग दोन कॅलेंडरांत लिहायचं म्हणून सौ. कुरकुरते, ते वेगळंच.