आठ मैलांचा फाटा

आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अधूनमधून कुणीतरी हे वाक्य टाकतंच: "काही म्हणा, इंग्रजांनी रेल्वे तरी दिली." या वेळी माझ्या पुण्यातल्या भाच्याने टाकलं, खाली व्हीटीचा झगमगता फोटो. माझं माहेर खामगावचं. मी त्याला लिहिलं, बाळा, रेल्वेचा नकाशा उघड आणि जलंब शोध.

मुंबई-नागपूर मार्गावर जलंबला एक फाटा फुटतो, आठेक मैल जातो आणि खामगावात संपतो. पुढे काही नाही. बडनेऱ्याहून अमरावतीला जाणारा फाटाही असाच, सहा मैलांचा. तो पुढे नरखेडपर्यंत गेला तो अगदी अलीकडे. गावोगावच्या माणसांची सोय बघायची असती तर रूळ असे टाकले नसते. खामगाव आणि अमरावती या वऱ्हाडातल्या कापसाच्या मोठ्या पेठा. गाडी कापसाच्या गंजीपाशी आली, गासड्या भरल्या आणि मुंबई बंदराकडे वळली.

१८५३ सालच्या तीन तारखा एकाखाली एक लिहून बघा. १६ एप्रिलला बोरीबंदर ते ठाणे पहिली गाडी धावली. ही तारीख शाळेत सगळ्यांनी पाठ केलेली असते. त्यानंतर चारच दिवसांनी, २० एप्रिलला, गव्हर्नर जनरल डलहौसीने रेल्वेबद्दलचं आपलं प्रसिद्ध टिपण लिहिलं. हिंदुस्थानात कापूस पिकतो, इंग्लंडला तो हवा आहे, तो बंदरापर्यंत आणायची सोय हवी, हे त्यात स्पष्टच आहे. आणि २१ मे रोजी हैदराबादच्या निजामाकडून करार करून घेतला गेला. निजामाच्या राज्यात ठेवलेल्या कंटिंजंट फौजेच्या खर्चाची बाकी थकली होती, त्यापोटी वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आलं. फौज इंग्रजांच्या सोयीची, खर्च निजामाच्या माथी आणि वसुलीला काळी कसदार जमीन. कर्ज थकवून घ्यावं आणि शेत लिहून घ्यावं, ही सावकारी आमच्याकडच्या कुठल्याही म्हाताऱ्याला समजावून सांगावी लागत नाही. पाच आठवड्यांत गाडी, हेतू आणि जमीन तिन्ही जुळून आलं.

आता इंग्लंडला एवढी निकड का, हे मला पुस्तकांआधी बाबांच्या हातांनी शिकवलं. बाबा सरकारच्या कापूस एकाधिकार खरेदीत ग्रेडर, म्हणजे कापसाची प्रत ठरवणारे होते. बंडीतल्या ढिगात कोपरापर्यंत हात घालून तळाचा कापूस काढायचे, कारण वर पांढराशुभ्र आणि खाली ओला नाहीतर कवडी, म्हणजे किडका-डागाळलेला, ही युक्ती फार जुनी. मग सरकीवरची रुई सोडवून दोन्ही हातांच्या चिमटीत धरायची, हलकेच ओढून दोन भाग करायचे, ते एकावर एक ठेवून परत ओढायचे. चारपाचदा असं केलं की आखूड धागे गळतात आणि सरळ, रेशमासारखी पट्टी हातात राहते. ती शर्टाच्या काळ्या बटणाशेजारी धरून ते लांबी सांगायचे. फूटपट्टी लावून ताडून बघायची आम्हा पोरांची खोड होती, पण बाबा क्वचितच चुकायचे.

इंग्लंडातल्या लँकशायरच्या कापड गिरण्यांचं सगळं गणित या लांबीवर होतं. त्यांची यंत्रं अमेरिकन कापसावर बेतलेली, इंचभर धाग्याच्या. आपला देशी कापूस आखूड, जाडाभरडा, त्यात कचरा आणि माती. पश्चिम हिंदुस्थानातून गेलेल्या सगळ्या मालाला तिकडे 'सुरत' म्हणत, आणि नाक मुरडून म्हणत. पण गिरण्यांना लागणाऱ्या कापसाचा सुमारे ८० टक्के हिस्सा अमेरिकेतल्या गुलामांच्या कष्टावर येत होता, आणि तो कधीतरी बंद पडेल ही धास्ती मालकांना होतीच. म्हणून १८५७ साली मँचेस्टरमध्ये कापूस मिळवण्यासाठी खास संघटना निघाली. १८६१ला अमेरिकेत यादवी पेटली, दक्षिणेची बंदरं अडवली गेली आणि धास्ती खरी ठरली. १८६२च्या अखेरीस लँकशायरमध्ये सुमारे ५ लाख माणसं मदतीवर जगत होती. तिथल्या कामगारांची एक प्रार्थना सांगतात: देवा, कापूस पाठव, पण सुरत नको! आमच्या कापसाची ही अशी कीर्ती.

पण मागणी होती तोवर चंगळ होती. भाव वर गेले, मुंबईत पैशाचा पूर आला, प्रेमचंद रायचंदांच्या नावावर शेअरबाजार नाचला, समुद्र बुजवायच्या कंपन्यांचे शेअर माणसं डोळे मिटून घेत होती. १८६५च्या वसंतात तिकडे लढाई संपली आणि त्याच उन्हाळ्यात इकडे मुंबई कोसळली.

मुंबईचं निदान इतिहासात नाव तरी राहिलं. कास्तकाराचं काय झालं? भाव पडले, पण तेजीत काढलेलं कर्ज उभंच राहिलं, आणि आता जमीन गहाण टाकता, लिलावात काढता येत होती. पुणे जिल्ह्यात तर १८६७ला इंदापुरात मंदीच्या तोंडावर सारा वाढवला. तिकडे १२ मे १८७५ रोजी सुप्यात लोकांनी सावकारांच्या घरांवर चालून जाऊन कर्जरोखे जाळले. त्यातून कर्जबाजारी शेतकऱ्यांना दिलासा देणारा १८७९चा कायदा आला. वऱ्हाडात असा दंगा झाला नाही. आमच्याकडे माणूस गप्प बसतो आणि पुढच्या सालच्या पिकावर भरवसा ठेवतो, हे माझं वैयक्तिक मत.

याच काळात मध्य प्रांत आणि वऱ्हाडासाठी कापूस आयुक्त म्हणून रिव्हेट-कार्नॅक नावाचे साहेब होते. त्यांचं म्हणणं कागदावर आहे: फाटा टाकला की विलायती कापड स्वस्तात आत येईल, इथलं मागे पडेल, आणि सूत काढण्या-विणण्यात गुंतलेली माणसं शेतमजुरीला मोकळी होतील. शिवाय इथेच खपणारा कापूसही बाहेर पाठवता येईल. मी हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा राग आला नाही, थक्क झाले. कोष्टी आणि महार विणकरांच्या पिढ्यान्पिढ्यांचा धंदा बुडणं हे त्यांच्या लेखी योजनेचं नुकसान नव्हतंच, फायद्याच्या बाजूला मांडलेलं होतं. खामगावचा फाटा १८७०ला सुरू झाला. त्याच वर्षी मुंबई-लंडन समुद्री तार जोडली गेली, आणि पेठेतला भाव लिव्हरपूलच्या कापूस बाजाराकडे बघून ठरू लागला.

"दिली" या शब्दाबद्दल भाच्याला एवढंच सांगायचं होतं की पैसे कुणी दिले ते बघ. ही रेल्वे बांधणाऱ्या जीआयपी कंपनीच्या भागधारकांना ५ टक्के व्याजाची हमी होती. तेवढी कमाई झाली नाही तर फरक हिंदुस्थानच्या तिजोरीतून, म्हणजे शेवटी साऱ्यातून भरायचा. विलायतेतल्या शिल्लक पैशाला यापेक्षा बिनधोक जागा कुठे मिळणार?

१८९९-१९००च्या दुष्काळात याच रुळांवरून धान्य आलं, हेही सांगायला हवं. पण ज्वारीखालची पुष्कळ जमीन कपाशीकडे गेलेली, पाऊस नाही म्हणून वेचणी नाही, वेचणी नाही म्हणून मजुरी नाही. स्टेशनावर पोती आणि मजुराच्या हातात दमडी नाही, अशी वऱ्हाडात माणसं मेली. १९०२ला कर्झनने निजामाकडून वऱ्हाड कायमचं भाडेपट्ट्याने घेतलं, वर्षाला २५ लाख रुपयांवर.

नागपूरची एम्प्रेस मिल टाटांनी १ जानेवारी १८७७ला सुरू केली, व्हिक्टोरिया राणी 'एम्प्रेस' झाली त्याच दिवशी, तिच्याच नावाने. कापूस जवळ, कोळसा जवळ, बाजार जवळ. पण १८९६पासून आपल्या गिरण्यांच्या कापडावर साडेतीन टक्के अबकारी, म्हणजे उत्पादनावरचा कर, बसली, कारण आयात कापडावर तेवढाच कर होता आणि लँकशायरला बरोबरीचा न्याय हवा होता. ती उठायला १९२५ साल उजाडलं. भाच्याने यावर अंगठ्याचा इमोजी टाकला आहे आणि विचारलंय, मावशी, मग शकुंतला एक्सप्रेस कुणाची होती? ती मूर्तिजापूर-यवतमाळची छोटी गाडी किलिक निक्सन या विलायती कंपनीची. मँचेस्टरमध्ये १९२१ला बनलेलं वाफेचं इंजिन तिला १९९४पर्यंत ओढत होतं, आणि स्वातंत्र्यानंतरही आपली रेल्वे त्या मार्गाच्या वापराचे पैसे खाजगी मालकांना देत राहिली.