वही ट्रकमध्ये राहिली

माझ्याकडे एक जुनी वही आहे. कबीर, बसवेश्वर, विनोबा… वाचताना ज्या ज्या ओळीपाशी थांबले, ती त्यात उतरवलेली. वारीला निघताना ती बरोबर घेतली, पण आळंदी सुटल्यावर पहिल्याच दिवशी दिंडीच्या ट्रकात बोचक्याच्या तळाशी गेली. मग जे कानावर पडेल तेच.

आणि पडतं तरी काय काय! पहाटे काकडा, संध्याकाळी हरिपाठ, दिवसभर अभंग. नामदेव शिंपी, गोरोबा कुंभार, जात्याशी बसलेली जनाबाई, श्रीगोंद्याचे शेख महंमद. टाळ मात्र सगळ्यांना एकच.

लोणंद सोडून तरडगावच्या वाटेला लागलो, तेव्हा माझ्यापुढे बीडकडच्या एक मावशी चालत होत्या. डोक्यावर तुळस, टाचांच्या भेगांत मुरलेली माती. दिंडीत सावतोबांचा अभंग सुरू झाला, ‘कांदा मुळा भाजी, अवघी विठाई माझी’. मावशी गाता गाताच मागं वळल्या.

“माऊली, औंदा कांदा सगळा वाया गेला बघा. काढणीचा खर्चबी निघंना.”

मी काय बोलावं हे सुचायच्या आत त्यांनी पुढचं चरण उचललंसुद्धा, ‘लसूण मिरची कोथिंबिरी, अवघा झाला माझा हरी’. खणखणीत आवाजात.

हा अभंग मला शाळेपासून पाठ. गोड वाटायचा, एवढंच. ज्या कांद्यानं यंदा घर बुडवलं, त्यालाच विठाई म्हणायला छातीत केवढं बळ लागतं, ते त्या दिवशी कळलं. अरणच्या मळ्यात मोट धरून उभ्या असलेल्या सावतोबांचा शब्द इतकी शतकं टिकला तो अशा गळ्यांमुळेच, असं मला मनापासून वाटतं.

पंढरपुरात दर्शनाची रांग संपता संपेना. आमच्या दिंडीनं कळसाचं दर्शन घेतलं आणि महाद्वारी नामदेव पायरीशी आलो. समोरच चोखोबांची समाधी. मंगळवेढ्याला गावकुसाचं काम करताना दरड अंगावर कोसळून ते गेले, नामदेवांनी त्यांच्या अस्थी इथं आणल्या, असं सांगतात. जिवंतपणी त्यांना आत जाता आलं नाही. त्यांच्या माणसांसाठी दार उघडावं म्हणून साने गुरुजी 1947 साली याच पंढरपुरात उपोषणाला बसले. माझ्या वहीत विनोबांची जी ‘गीता प्रवचने’ आहेत, ती 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात ऐकता ऐकता लिहून घेणारे गुरुजीच. हे दोन्ही मला माहीत होतं, पण एकत्र आठवलं ते त्या पायरीशी उभी असताना.

मावशींनी डोक्यावरची तुळस उतरवली, समाधीवर कपाळ टेकवलं. बराच वेळ तशाच होत्या. मग हळू आवाजात सुरू केलं, ‘ऊस डोंगा परी रस नोहे डोंगा…’

पुढचं चरण मी उचललं.