व्हाइटचॅपलचा शनिवार

आज ऑफिसमधली मैत्रीण पूर्व लंडनमधलं तिचं माहेर दाखवायला घेऊन गेली. आजोबा बांगलादेशातल्या सिल्हेटचे, हिचा जन्म मात्र इथलाच. व्हाइटचॅपल स्टेशनवर २०२२ पासून बंगालीतही पाटी आहे, तिचा फोटो काढायला तिने मला मुद्दाम थांबवलं.

ब्रिक लेनची मशीद बघितली. १७४३ साली फ्रेंच निर्वासितांनी बांधलेलं चर्च, मग सिनेगॉग, आणि १९७६ पासून मशीद. जवळच अल्ताब अली पार्क. १९७८ मध्ये वर्णद्वेषातून मारल्या गेलेल्या तरुण बंगाली कामगाराचं नाव दिलंय त्याला. त्या काळात तिचे वडील अंधार पडल्यावर एकटे बाहेर पडत नसत.

लहानपणी डॉक्टरकडे आईच्या गुडघ्याचं दुखणं हीच इंग्रजीत सांगायची. 'दोन संस्कृतींचा सुंदर संगम' वगैरे लिहिणाऱ्यांना हे काम कधी करावं लागलेलं नसतं बहुतेक! गावी गेली की चुलत भावंडं 'लंडोनी' म्हणून चिडवणार, आणि इथे शाळेत जाताना कोटाला शुटकीचा, म्हणजे सुक्या मासळीचा, वास लागू नये म्हणून ती तो प्लास्टिकच्या पिशवीत घालून कपाटात ठेवायची. मी म्हटलं, बाई गं, सुकट भाजली की आमच्या डोंबिवलीच्या बिल्डिंगमध्ये वरच्या काकू दाणकन खिडकी लावायच्या. जाम हसलो.

मैत्रिणीच्या आईने निघताना शुटकीची पुडी दिलीच. नवरा म्हणतोय, बाल्कनीत भाज. खालचे शेजारी नेमके उद्या घरी आहेत.