लाल काड्यांची जुडी : आमची वाटचाल

“अगं, नुसत्या काड्या विकतेस? पानं कुठायत?” अण्णांनी व्हिडिओ कॉलवर विचारलं, तेव्हा माझ्यामागे गुडघाभर बर्फ होता आणि हातात डॉगवूडच्या लालभडक फांद्यांची जुडी. तासगावात द्राक्षबागेत आयुष्य काढलेल्या माणसाला हा धंदा समजावणं अवघडच. पण कॅनडात, आमच्या ऑन्टारिओत, डिसेंबरनंतर अंगणात पांढरा बर्फ आणि करडी खोडं याशिवाय काही दिसत नाही. तेवढ्यात हे एक झुडूप पेटल्यासारखं उभं असतं.

ग्वेल्फजवळ भाड्याच्या जागेत आम्ही नवरा-बायकोनं नर्सरी काढली ती गुलाब आणि हायड्रेंजिया घेऊन. पहिल्याच हिवाळ्यात निम्मे गुलाब गेले. कडेच्या ओढ्यालगत मात्र रेड ओझिअर डॉगवूड आपोआप वाढलेलं होतं आणि थंडीनं त्याचं काहीही बिघडलं नव्हतं. झाड इथलंच, उणे 40 अंशही सोसणारं. पाणथळ जागा चालते. फांदी जमिनीला टेकली की तिथं मुळ्या धरते, म्हणजे दाब कलमही तेच करून घेतं. भांडवल संपलेलं असताना आम्हाला आणखी काय हवं होतं!

जागेच्या मालकांना विचारून मार्चमध्ये, डोळे फुटायच्या आत, पेन्सिलीएवढ्या जाड काड्या कापल्या. वीतभर लांबी, खालचा काप डोळ्याच्या लगेच खाली सरळ, वरचा तिरपा, म्हणजे उलटसुलट लावण्याची चूक होत नाही. ओल्या भुशात गुंडाळून गॅरेजमध्ये ठेवल्या आणि जमीन मोकळी झाल्यावर दोन तृतीयांश आत खोचल्या. मुळं फुटायचं संजीवक वगैरे काही लावलं नाही. बहुतेक साऱ्या फुटल्या. पुढच्या हिवाळ्यात त्यातल्या कितीतरी सशांनी खाल्ल्या. ससा फांदी कात्रीनं छाटल्यासारखी तिरपी, स्वच्छ तोडतो. हरणाला वरचे पुढचे दात नसतात, त्यामुळे ते ओरबाडतं आणि तुटलेल्या टोकाला साल लोंबत राहते. हे बघायला शिकले तोवर नुकसान झालेलं होतं. आता प्रत्येक रोपाभोवती जाळी, आणि तीही बर्फाचा थर धरून उंच.

खरी फजिती चार-पाच वर्षांनी झाली. आमच्या पहिल्या गिऱ्हाइकांपैकी एका आजींचा फोन आला, “तुमचं लाल झाड तपकिरी झालंय.” मी मुकाट्यानं नवं रोप देऊन आले. मग दुसरा फोन, मग तिसरा. ओढ्यालगतचं झुडूप नीट पाहिलं तेव्हा उलगडा झाला: लाल होत्या त्या यंदाच्या, गेल्या सालच्या फांद्या. जुन्या सगळ्या करड्या, सालीला भेगा. शिवाय सावलीतल्या फिक्या. रंग धरायला कोवळं लाकूड लागतं आणि ऊनही. अण्णांना सांगितलं तर म्हणाले, “मग खरड छाटणी घे की! एप्रिलच आहे.” नवी फूट यावी म्हणून द्राक्षाच्या जुन्या काड्या एप्रिलात मागे छाटतात, ती ही छाटणी. द्राक्षाचा माणूस, दुसरं काय सुचणार? पण बरोबर होतं.

तरी सगळं झुडूप बुडखापासून उडवा असं मी कुणाला सांगत नाही. दर वर्षी जुन्यातल्या एक तृतीयांश फांद्या जमिनीलगत काढायच्या. ‘मिडविंटर फायर’ ही केशरी जात तर नाजूक आहे, तिला जोराची छाटणी सोसत नाही. गुलाबी फुलांचं मोठं डॉगवूड मागायला बरेच जण येतात. ते आम्ही ठेवत नाही. आमच्या थंडीत त्याची खात्री देता येत नाही आणि करपा पडला तर झाडच जातं.

आमचा हंगाम आता नोव्हेंबरचा. पानं गळली की दहा काड्यांच्या जुड्या बांधायच्या. दारापुढच्या कुंड्यांत पाइनच्या फांद्यांसोबत खोचायला लोक घेऊन जातात. रोपांपेक्षा या जुड्यांनीच भाडं निघतं.

त्या आजींकडे आता मार्चअखेरीस मीच छाटणीला जाते. पैसे घेत नाही, नव्या कलमांसाठी काड्या घेते. तीन-चार जुन्या करड्या फांद्यांना मात्र त्या हात लावू देत नाहीत. पांढरी फळं त्यांनाच लागतात आणि रॉबिन पक्षी खायला येतात.