मूल स्वतःहून जाऊ शकतं

फिनलंडच्या शाळा म्हटलं की गृहपाठ कमी आणि खेळायची सुट्टी भरपूर, एवढंच आपल्याकडे बोललं जातं. मुलगी इथे एस्पूत पहिलीत गेली तेव्हा शाळेच्या पत्रकात बाईंच्या नावाखाली आणखी तीन नावं दिसली: नर्स, मानसशास्त्रज्ञ आणि 'कुराटोरी', म्हणजे शाळेतले समाजसेवक. मैत्रिणींशी बिनसलं, घरात कुरबुरी आहेत, सकाळी शाळेत जावंसंच वाटत नाही, अशा वेळी मुलं यांच्याकडे जातात.

ही सोय शाळेच्या मर्जीवर सोडलेली नाही. २०१४ पासून तसा कायदाच आहे. भेट मागितली की शाळेच्या सात दिवसांच्या आत ती मिळायलाच हवी, आणि तातडीचं असेल तर त्याच किंवा दुसऱ्या दिवशी. पुढे प्रमाणही ठरलं: ६७० विद्यार्थ्यांमागे एक कुराटोरी, ७८० मागे एक मानसशास्त्रज्ञ. दूरच्या गावांत मानसशास्त्रज्ञ मिळत नाहीत, जागा रिकाम्या राहतात, हेही खरं.

भेट मूल स्वतः मागू शकतं. पुरेशी समज असेल तर 'आईबाबांना यात आणू नका' असंही म्हणू शकतं. आपल्याला हे पचायला जड जातं, मलाही गेलं. पण जे घरी बोलायची सोय नसते, तेच मुलाला आतून पोखरत असतं ना?

नर्स दरवर्षी तपासते. पहिली, पाचवी आणि आठवीत आईवडिलांनाही बोलावतात. आमच्या भेटीत उंची-वजन पटकन उरकलं. मग झोप, मैत्रिणी, घरातलं वातावरण. शेवटी तिने आम्हा दोघांना विचारलं, "तुमच्या मदतीला इथे कोण आहे?" आजी-आजोबा पुण्यात, हे तिने नोंदवून घेतलं. मुलाच्या मनाची चौकशी आईबापांच्या थकव्यापर्यंत जाते, हे मला फार मोलाचं वाटतं.

आपल्याकडे बोर्डाच्या परीक्षेच्या तोंडावर समुपदेशकांचे नंबर जाहीर होतात, टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ तर चोवीस तास असतो. त्यांचा आधार आहेच. पण दुसरीतलं मूल रोज सकाळी पोट दुखतं म्हणतं, ते कुठल्या नंबरवर फोन करणार? जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांना समुपदेशक नेमायला सांगितलं आहे. तेव्हा पुढच्या पालकसभेत फी आणि बसबरोबर एवढं विचाराच: समुपदेशक आठवड्यातून किती दिवस येतात, मुलांना त्यांचं नाव ठाऊक आहे का, आणि मूल कुणाला न विचारता त्यांच्याकडे जाऊ शकतं का?