परत आलेलं पाकीट: चेक बाउन्सच्या केसचा माझा अनुभव

२०१९ मध्ये दुकानाच्या उधारीचा ८५ हजारांचा चेक परत आला. बँकेचा मेमो, नोटीस, फिर्याद हे सगळं सुरळीत झालं. घोडं अडलं ते एका पाकिटावर.

रजिस्टर पोस्टाने पाठवलेली नोटीस परत आली होती. पाकिटावर पोस्टमनच्या तिरप्या अक्षरात ‘अनक्लेम्ड’ (म्हणजे कुणी घेऊन गेलं नाही), बाजूला सूचना दिल्याच्या दोन तारखा. उलटतपासात समोरच्या वकिलांनी फिरवून फिरवून एकच विचारलं, “आरोपीच्या हातात नोटीस पडलेली तुम्ही पाहिलीत का?” नाही म्हणताना माझा चेहरा पडला. पुढच्या सात तारखा मी ‘केस गेली’ असं धरूनच काढल्या. कधी न्यायाधीश साहेब रजेवर, कधी समोरच्या वकिलांचा मुदतीचा अर्ज.

शेवटी आमच्या वकील मॅडम वैतागून म्हणाल्या, “अहो, तुम्ही पाहायची गरजच नाही! पत्ता बरोबर, तिकिटाचे पैसे भरलेले, पोस्टाची पावती आहे. मग नोटीस पोचली असं कोर्ट धरून चालतं. पोचली नाही हे त्यांनी दाखवायचं.” याला आधार जनरल क्लॉजेस ॲक्टचं कलम २७ आणि पुरावा कायद्याचं कलम ११४ (नव्या साक्ष अधिनियमात ११९).

म्हणजे सगळी मदार पत्त्यावर. आरोपी म्हणाला, मी तेव्हा तिथे राहतच नव्हतो. पण समन्स त्याच पत्त्यावर लागलं होतं, आणि जामिनाच्या कागदावर त्याने स्वतःच्या हाताने तोच पत्ता लिहिला होता! शिवाय सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये सी. सी. अलवी हाजी खटल्यात सांगून ठेवलंय: नोटीस मिळाली नाही म्हणणाऱ्याने समन्स मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे भरावेत, नाहीतर ही सबब चालत नाही. हे मला पहिल्याच तारखेला कुणी सांगितलं असतं तर!

परत आलेलं पाकीट घरी फोडू नका. आमच्या भावाने कात्री लावलीच होती, मी हिसकावून घेतलं. कोपरा तेवढा कापला गेला, त्यावरूनही दोन प्रश्न झालेच. पोस्टाच्या ट्रॅकिंगची प्रिंट लगेच काढा, नंतर वेबसाइटवर काही सापडत नाही.

‘सही माझी, पण चेक कोरा दिला होता’ हा बचाव मात्र टिकला नाही. सही कबूल केली की चेक देणं फेडण्यासाठीच दिला होता असं निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टचं (चेकच्या कायद्याचं) कलम १३९ धरून चालतं. तडजोड झाली, पैसे दोन हप्त्यांत आले.

हो, नोटीस पाठवायचे ३० दिवस चेक परत आल्याचं बँकेकडून कळल्यापासून मोजतात. मी अठ्ठाविसाव्या दिवशी पोस्टात गेलो होतो.